रात्रभराची धुरी

"पाच किलो खांद्याला बारा तास, मग दहा किलोला चोवीस…"

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात, लंडनमधल्या ईलिंगच्या एका खाटकाकडे, रांगेत पुढे उभा असलेला तरुण चक्क मराठीत पुटपुटत होता. मंजिरीला राहवले नाही.

"चूक. वजन दुप्पट म्हणून वेळ दुप्पट होत नाही. उष्णतेला जाडी ओलांडायची असते."

तो गर्रकन वळला. त्याचे विस्फारलेले डोळे तिच्या हातातल्या पुडक्यावर गेले. त्यातून डुकराची गुलाबी कातडी डोकावत होती.

"तू मराठी… आणि पोर्क?"

"दर शुक्रवारी," ती म्हणाली. विधान अचूक होते. फक्त अपूर्ण होते.

पुण्याहून आलेली मंजिरी भाजलेल्या जखमांवर संशोधन करी, आणि माणसाच्या कातडीला जवळची म्हणून प्रयोगशाळेसाठी ही कातडी नेई. जन्मात तिने अंडेही चाखले नव्हते. ते सांगायला तिने तोंड उघडले, तोच तो असा हसला, की… पहिल्या नजरेतल्या प्रेमावर तिचा विश्वास नव्हता; एका नमुन्यावरून निष्कर्ष काढत नाहीत. तरीही तिने तोंड मिटले.

"मी उदय. संडेला फॅमिली बार्बेक्यू आहे. डुकराचा अख्खा खांदा रात्रभर स्मोक करणार. उद्या दुपारी प्लॅनिंगला ये ना! माझा आई एकदम शॉक होणार!"

वेम्बलीत जन्मलेल्या त्याच्या मराठीत आईसुद्धा पुल्लिंगी होती.

शनिवारी त्याच्या परसात धुरीच्या भट्टीसाठी तेलाचे एक पिंप आडवे कापून ठेवलेले होते. बाजूला ओकची लाकडे रचलेली होती.

"पहाटे मांसाचं तापमान तासन्‌तास अडकेल," मंजिरीने बजावले. "घाबरून आच वाढवू नकोस. मांसाला घाम फुटतो, तो वाळताना गारवा येतो."

"मला आत्ताच फुटलाय… त्याचं काय?"

"थोडा लांब उभा राहा."

"नाही जमणार."

मंजिरीने स्वच्छ थर्मामीटर पुन्हा पुसला.

एवढ्यात उदयच्या आई, कांताबाई, तळलेल्या तुकड्यांची बशी घेऊन आल्या. "उद्याचा मसाला आजच चाखून सांग, पोरी. नागपूरला शेजारणींपुढे चहा ठेवला, की म्हणायच्या, आत्ताच घेतला. डुक्कर शिजवायचं तर खिडक्या लावून! आणि आज बघ, आडनाव ऐकूनच ओळखलं मी, पुण्याची बामणाची पोर माझ्या बशीतलं खाणार!"

मंजिरीचा हात बशीपर्यंत गेला आणि थिजला. एक वेळ खोटे गिळता आले असते, मांस नाही.

"काकू, मी शाकाहारी आहे. ती कातडी प्रयोगांसाठी नेते. कालच सांगायला हवं होतं."

उदयच्या हातातला चिमटा खाली पडला. कांताबाईंचा चेहरा दगडासारखा झाला.

"म्हणजे तूही चहा आत्ताच घेतलास तर."

"मग सांगितलं का नाहीस?" उदयने विचारले.

"तू बोलावलं नसतंस… आणि मला यायचं होतं. धुरासाठी नाही. तुझ्यासाठी."

पुराव्याशिवाय केलेले हे तिच्या आयुष्यातले पहिलेच विधान. त्याचा सर्वांत मोठा धक्का तिलाच बसला.

कांताबाईंनी बशी बाजूला ठेवली. मग त्यांनी विचारले, "वांगं खातेस?"

"खाते."

"आमच्या घरचं?"

"आत्ता द्या, काकू. सकाळपासून उपाशी आहे मी."

उदय भानावर आला. "मी नवीन जाळी आणतो. तुझ्या वांग्यासाठी सेपरेट."

"वेगळी नको," मंजिरी म्हणाली. "त्याच जाळीवर ठेव. खांद्याशेजारी."

कांताबाई मटकन खुर्चीत बसल्या. "अगं, चरबी उडेल त्यावर!"

"उडू दे. वांगं सोलूनच खातात ना?"

कांताबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांना जे हसू फुटले, ते पदराने आवरेना.

"उदय, तोंड मीट, माशी जाईल. आणि जा, वांगी आण. चांगली ढीगभर आण… ही काही उद्यापुरती आलेली दिसत नाही."