शेषनागाहून आलेला फोन

"माझा माणूस अमरनाथला गेला नि तिकडंच राहिला म्हनतात. मला नाय पटत," खुर्चीला पाठ टेकायच्या आत तुळशीबाई म्हणाल्या.

विठ्ठलवाडी स्टेशनसमोरच्या त्या लहानशा ऑफिसात शौनकने पंखा वाढवला. बाई खरवईहून आल्या होत्या. घराणं मूळचं मिठागरांचं. आता गावाच्या कडेला थोडी भातशेती उरलेली.

समोर बसलेली जिज्ञासा दळवी खासगी गुप्तहेर होती, शौनक तिचा मदतनीस. तिने विचारलं, "चंदरभाऊंबरोबर कोण होतं?"

"भाचा अल्पेश नि शेजारचे दिनानाथ. दोघंही परतले. अल्पेश म्हनतो, मामा लंगरात सेवेला राहिलाय. अहो, ज्यानं जल्मात पान्याचा तांब्या सोता भरून घेतला नाय, तो परक्यांना चपात्या वाढनार?"

शौनकला हसू आलं होतं. बाईंचे डोळे पाहून ते त्याने गिळलं.

"फोन?"

"एकदाच. त्यांच्याच नंबरावरून. शेषनागाच्या काठावर उभा हाय, म्हनले. मग छपरावर ताडपत्री बांधलीस का, गाय दूध देते का, तेच विचारत बसले. तवापासून बंद. रिचार्ज संपला असंल म्हनून मी नवा मारला. तरी बंदच."

"यात्रेला डॉक्टरचा दाखला लागतो."

"अल्पेशच घेऊन गेलेला त्यांना." बाईंनी पदर तोंडाशी धरला. "त्याचा आमच्या जमिनीवर डोळा हाय. पन नवस माझा. पोरगी तापात व्हती तवा बोलले, उठली तर तिचा बाप गुहेत माथा टेकंल. मीच त्यांना मरनाच्या तोंडी धाडलं का, तेवढं सांगा."

"संध्याकाळच्या आत सांगते," जिज्ञासा म्हणाली.

बाहेर पडताना शौनक कुजबुजला, "संध्याकाळच्या आत? ताई, काश्मीर आहे ते!"

"म्हणूनच लवकर होईल. चल, खरवई."

दिनानाथांनी आधी दोघांच्या हातावर प्रसाद ठेवला. त्यांच्या नाकाची सालं निघाली होती, ओठ तडकलेले.

"कल्याणला अल्पेश ऐनवेळी म्हणाला, मामाला बालटालच्या वाटेने जायचंय, तुम्ही व्हा पुढे. मी पहलगामवरून चढलो. मला ते दोघं नंतर कुठेच दिसले नाहीत. बालटालची वाट जवळची, पण त्यांचं शेषनाग हुकलं. तो तलाव आमच्याच वाटेवर."

अल्पेश तिसऱ्या गल्लीतल्या नव्या बिल्डिंगमध्ये राहत होता. नुकती दाढी केलेला, तुकतुकीत चेहरा. नजर मात्र जमिनीवर.

"कोणत्या वाटेने गेलात?"

"बालटाल."

"काय पाहिलंत?"

"सगळंच. शेषनागचं पाणी तर एकदम निळंशार. मामा तिथेच हरखला."

स्वयंपाकघरात त्याची बायको विनिता डब्यात पेज ओतत होती. जिज्ञासाने सहज विचारलं, "कुणासाठी?"

"अंबरनाथला यांचे मित्र आहेत. एमआयडीसीत भट्टीवर काम करतात."

"वास छान येतोय. मीठ घातलं?"

"नाही, अळणीच लागते त्यांना," विनिता म्हणाली आणि नवऱ्याकडे बघून तिने घाईने डब्याला झाकण लावलं.

जिज्ञासा शौनककडे वळली. "तुळशीबाईंना घेऊन ये. दिनानाथांनाही."

जाताना शौनकने मनात खटला उभा केला: जमीन, भाचा, डोंगर, दरी. परत आल्यावर त्याने दार लावून घेतलं आणि दाराशीच उभा राहिला. आरोपी पळायला नको.

"चंदरभाऊ काश्मीरला गेलेच नाहीत," जिज्ञासाने सुरुवात केली. "रिचार्ज मारावा लागतो म्हणजे सिम प्रीपेड. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही. त्यांच्या नंबरावरून शेषनागाहून फोन येणं शक्यच नव्हतं."

तुळशीबाई अल्पेशकडे वळल्या.

"अल्पेशही गेला नाही. बर्फावरच्या उन्हाने दिनानाथांची सालं निघाली, याचा चेहरा बघा. शिवाय बालटालने जाऊन याला शेषनाग दिसलं."

"म्हणजे यानेच मामाला..." शौनक पुढे सरसावला.

"थांब. फोनवर चंदरभाऊ स्वतः बोलले. ज्याच्या मानेवर सुरी आहे, तो ताडपत्रीची चौकशी करत बसत नाही. खोटं ते स्वखुशीने बोलले. मग डॉक्टरच्या खोलीत असं काय घडलं, की दाखल्याऐवजी खोटं बोलायची पाळी आली? भट्टीवर घाम गाळणारा गडी अळणी पेज खात नाही, अल्पेश. ती पथ्याची आहे. मामा कोणत्या हॉस्पिटलात आहेत?"

अल्पेशचा बांध फुटला. "अंबरनाथला. हार्टच्या नळ्या बंद झाल्यात, मामी. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन आजउद्याच करा. मामा ऐकत नाही. आधी नवस, मग सुरी, म्हणतो. तुला कळलं तर तू स्वतः नवस फेडायला गुहेकडे निघशील, तुझ्या गुडघ्यांनी तू परत यायची नाहीस, म्हणून माझ्याकडून न सांगायची शपथ घेतली."

"आनि मी तुला खुनी समजत व्हते रे," तुळशीबाई म्हणाल्या. त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवला आणि चपला शोधायला लागल्या.

शौनक दारातून बाजूला झाला आणि रिक्षा बोलवायला धावला.

हॉस्पिटलात चंदरभाऊंनी बायकोला पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. "तुळशे, गुहा राहिली गं."

"देव काय गुहेतून पलून जातोय? पललात तुमी!" बाईंचा आवाज अख्ख्या वॉर्डात घुमला. "नवस मी बोलले. देवाला थांबवायचं का नाय, ते मी न् तो बघून घेऊ. तुमी मधी पडू नका."

नर्सने शांत राहायला सांगितलं. तुळशीबाईंनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या, नवऱ्याचा हात घट्ट धरला. शेवटी चंदरभाऊंनी ऑपरेशनला मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. शुद्धीवर येताच त्यांनी पाणी मागितलं, आणि तुळशीबाईंनी पहिल्यांदाच तांब्या पुढे न करता त्यांना ठणकावून सांगितलं, डॉक्टर म्हणतील तेव्हाच मिळेल.