कोऱ्या अग्रलेखाची साक्ष

दुपारी तीनच्या सुमारास, कोल्हापूरच्या एका स्टुडिओत, कुमुदिनी बागेवाडी सहासष्ट वर्षांपूर्वीच्या छापखान्यात शिरल्या. वय एकाहत्तर, गुडघे कुरकुरत होते. पण शाईचा वास आला आणि त्या झपझप पुढे गेल्या. समोर त्यांचे वडील, अण्णा, बाह्या दुमडून उद्याच्या अंकाचं प्रूफ वाचत होते.

दिग्दर्शक तन्वीर मुल्ला या तंत्राला ‘साक्षपट’ म्हणायचा. फोटो, पत्रं, रोजनिश्या, डोळ्यांनी पाहिलेल्यांच्या साक्षी दिल्या की यंत्र जुनी माणसं, जुन्या खोल्या उभ्या करी. जिथे पुरावा नाही, तिथे मात्र नुसतं पांढरं धुकं. थाप मारायची सोयच नाही. असं यंत्र सिनेमावाल्यांच्या हाती पडावं, हे नवलच.

सिनेमा अण्णांवरच होता. आणीबाणीत त्यांच्या ‘सीमानाद’ या दैनिकाने अग्रलेखाची जागा कोरी छापली. सेन्सॉरच्या अधिकाऱ्याने लेख अडवला आणि अण्णांनी असा निषेध केला, हे गडहिंग्लजमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. चौकाला त्यांचं नाव होतं. त्या कोऱ्या जागेच्या अभिमानावर कुमुदिनीबाईंनी जन्म काढला होता.

“मावशी, खिळे जुळवणाऱ्या भैरू सुतारांची रोजनिशी मिळाली,” तन्वीर म्हणाला. “ती यंत्राला दिली. बघा.”

धुकं थोडं विरलं. अण्णांनी प्रूफ खाली ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाले, “भैरू, अग्रलेख काढून टाक.”

“अधिकारी आला न्हाई अजून, मालक.”

“काढ म्हणतो ना.”

कुमुदिनीबाई झटकन मागे वळल्या. “हे काढून टाका, तन्वीर.”

“काढतो. करारात तुमचा तसा हक्क आहे. त्या जागी पांढरा पडदा राहील.” तो थांबला. “लोक त्यालाही टाळ्या वाजवतील. खरं तर अण्णा घाबरले होते, मावशी. एवढंच.”

त्यांना रडू आलं; रागही आला, आणि तो कुणावर हेच कळेना. अण्णा भैरूकडे बघत नव्हते. त्यांची नजर टेबलाखालच्या धुक्याकडे होती.

“तिथं काय आहे, यंत्राला ठाऊक नाही,” तन्वीर म्हणाला.

“मला आहे.” त्या खाली वाकल्या. “माझी साक्ष घ्या. पाच वर्षांची मुलगी, पिवळा परकर. शेजारच्या मास्तरांना सकाळीच पकडून नेलं होतं. तिनं विचारलं, अण्णा, तुम्हाला पण नेणार?”

धुक्यातून आधी पिवळा रंग वर आला, मग दोन लहान हात. अण्णांनी तिला उचलून घेतलं आणि तिच्या केसांत तोंड लपवलं. भैरू खिळे उपसत राहिला. त्या बापलेकींकडे कुमुदिनीबाई बघत राहिल्या, कितीतरी वेळ, स्वप्नात बघावं तशा.

“हे राहू दे सिनेमात,” त्या शेवटी म्हणाल्या. “सगळं.”

तन्वीरने मान हलवली. त्याची नजर त्या मुलीवरून हटेना. मघाशी ‘एवढंच’ म्हटल्याबद्दल त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण आधी त्यांनीच विचारलं.

“तुमच्या घरी लहान कोण आहे, तन्वीर?”