पान दोनवरची चौकट

गॅसवर तापलेली लोखंडी फणी ओडेसाने ओल्या फडक्यावर टेकवली. चर्र झालं. "कान धर," ती म्हणाली, आणि व्हर्नेलने लहानपणापासूनच्या सवयीने उजव्या कानाची पाळ दुमडून धरली. थोरलीचे दाट कुरळे केस धाकटीने सरळ करायचे, हे पेटिग्र्यूंच्या घरात चाळीस वर्षं चालत आलेलं होतं.

पण आज ओडेसाचा हात नेहमीसारखा हलका नव्हता.

क्लीव्हलँडमधल्या काळ्या लोकांच्या 'लँटर्न' साप्ताहिकाला त्या शनिवारी, १९५३च्या ऑक्टोबरात, पन्नास वर्षं पुरी होत होती. चार वाजता चर्चच्या तळघरात जेवण होतं, भाषणं होती, आणि व्हर्नेलच्या नावाची पितळी पाटी होती... दक्षिणेतल्या ज्या गावांत निरपराध काळ्या माणसांना झुंडीने झाडाला लटकवलं, त्या गावांतून १९३० ते १९३८ या काळात लँटर्नने बावीस बातम्या छापल्या. प्रत्येकीवर व्हर्नेलचं नाव होतं. चर्चच्या रविवारच्या शाळेत आज तिच्यावरून नाव ठेवलेल्या तीन व्हर्नेल होत्या.

त्या बावीसही बातम्या ओडेसाने लिहिल्या होत्या.

पणजीच्या काळातल्या कुणा गोऱ्या मळेवाल्यामुळे ओडेसा इतकी गोरी निपजली होती, की खोट्या नावाने ती तिकडच्या कोर्टात गोऱ्यांच्या बाकावर जाऊन बसली तरी कुणी मान वळवून पाहत नसे. ती ऐकायची, लिहायची आणि मजकूर आगगाडीतल्या हमालांच्या हाती उत्तरेला पाठवायची. तिचं खरं नाव छापलं असतं, तर पुन्हा जाता आलं नसतं. म्हणून कचेरीत बसणाऱ्या व्हर्नेलचं नाव छापायचं ठरलं. तेव्हा ते दोघींनाही पटलं होतं.

पुढे मात्र ट्राममध्ये अनोळखी बाया व्हर्नेलचा हात हातात धरून रडायच्या, आणि ओडेसा शेजारी पिशव्या सांभाळत उभी राहायची. त्या जळफळाटाला ती मत्सर म्हणत नसे. ती त्याला अचूकपणा म्हणे. आता ती लँटर्नची प्रूफं तपासत असे. छपाईआधी पानावरून फिरणारी शेवटची नजर तिची. गुरुवारी तिने पान दोनवर चार ओळींची चौकट घातली होती. 'दुरुस्ती : व्हर्नेल पेटिग्र्यू यांच्या नावे प्रसिद्ध झालेल्या बावीस बातम्या त्यांनी लिहिलेल्या नाहीत. त्या ओडेसा पेटिग्र्यू यांच्या आहेत.' चार वाजता प्रत्येक ताटाशेजारी अंक असणार होता. व्हर्नेलला ते भर सभेत कळणार होतं...

"भाषणात आईचं नाव घेणार आहे मी," व्हर्नेल म्हणाली.

"घे की. तिच्या मातीला यायला सवड नव्हती, भाषणाला आहे."

"छत्तीस सालचं अजून धरून बसलीयस?"

"मिसिसिपीत, आपल्या गावात, त्या दिवशी मी एकटी उभी होते, नेल. लोक विचारत होते, थोरली कुठाय? मी सांगितलं, ती मोठी बाई झालीय आता. हलू नकोस, भाजेल."

"चर्चच्या दाराशी कोण होतं तेव्हा?"

"शेरीफचे दोन पोलीस. आईची पेटी समोरून गेली तरी हॅट काढली नाही मेल्यांनी."

"कशाला आले होते ते?"

ओडेसाची फणी थांबली. कोर्टाच्या छतावरच्या पंख्याची पातीसुद्धा टिपून ठेवणाऱ्या बाईने सतरा वर्षांत हा एक प्रश्न स्वतःला विचारला नव्हता.

"माझी पर्स उघड," व्हर्नेल म्हणाली.

आत एक तार होती, घड्यांवर झिजलेली. 'येऊ नकोस. तुझं नाव घेऊन स्टेशनवर वाट पाहताहेत. होझिया मामा.'

ओडेसाला ती पुन्हा वाचता येईना. ज्या नावासाठी ती झुरली, त्या नावाने बहिणीला आईचं शेवटचं दर्शन घेऊ दिलं नव्हतं...

"मला का नाही सांगितलंस गं?"

"सांगितलं असतं, तर तू 'माझं खरं नाव छापा' म्हणून हटून बसली असतीस. मग तिकडचं कुणी लिहिलं असतं?" व्हर्नेलने तार तिच्या हातून घेऊन घडी घातली. "आणि खरं सांगू, डेसी? ट्राममध्ये बाया हात धरायच्या ना, ते मला आवडायचं. मी काही संत नाही."

ओडेसाने गॅस बंद केला आणि खुंटीवरचा कोट ओढला.

"कुठे निघालीस? अर्धं डोकं राहिलंय माझं."

"छापखान्यात. अंकांचे गठ्ठे अडवायला हवेत. नेल, मी एक पाप केलंय..."

"चार ओळींचं?"

कोटाची बाही हातात तशीच राहिली.

"काल सकाळी संपादक टॉलिव्हरने प्रूफ दाखवलं मला. बिचारा घामाने निथळत होता. म्हणाला, काढून टाकू? म्हटलं, एक अक्षर काढायचं नाही. यंदा मार्चमध्ये होझिया मामा गेले. आता ज्याच्यावर कुणी सूड उगवावा, असं आपलं माणूस तिकडे उरलेलं नाही. मी आज सगळ्यांसमोर सांगणारच होते, म्हणून तर तार पर्समध्ये ठेवलीय. तू माझ्याआधी छापून मोकळी झालीस."

"म्हणजे... पान दोनवर ती चौकट आहे?"

"नाही." व्हर्नेलने मान वळवून बहिणीकडे पाहिलं. "दुरुस्ती कोण वाचतं, बाई? पहिल्या पानावर घ्यायला सांगितली मी."

ओडेसा खाली बसली आणि बहिणीच्या मांडीत तोंड खुपसून लहान मुलीसारखी हुंदके देऊ लागली. व्हर्नेल तिच्या सरळ, पांढऱ्या होत चाललेल्या केसांवरून हात फिरवत राहिली.

"ऊठ आता. अर्धं सरळ, अर्धं कुरळं डोकं घेऊन मी काही त्या लोकांसमोर जायची नाही."

ओडेसाने डोळे पुसले, गॅस पेटवला, फणी पुन्हा तापवली.  व्हर्नेलने न सांगता दुसरा कान धरला.