ज्यावाचून अडत नाही ते

मेंदूपट बसवलेलं माणूस मिरजेत आता गल्लोगल्ली दिसायचं. अर्धांगाच्या झटक्यानं मेंदूचा जो भाग मेला, त्यावर कांद्याच्या पापुद्र्याएवढा पट चिकटवायचा, आणि बोलणं, चालणं, आठवणं असे एकेक ‘संच’ त्यावर चढवायचे. संगणकावर चढवतात ना, अगदी तस्सेच! कुमुद तगारेच्या नवऱ्याला, दिगंबरला, चार महिने शब्द फुटला नव्हता. उद्या त्याचा पट सुरू व्हायचा होता.

“काकू, प्रत्येक संच आपले सोबती घेऊन येतो,” डॉ. नसरीन मुल्ला म्हणाल्या. “काही अनिवार्य, त्यांच्याशिवाय तो चालतच नाही. काही नुसते शिफारशीचे. नसले तरी अडत नाही. असे चारशे बारा आहेत. यादी घरी नेऊन नीट वाचा.”

“कंपनीचं दुकान, जाहिराती, असलंच असणार त्यात!”

“तेही आहे. पण बाकीचं—”

“सगळे काढा. एकूण एक!”

कुमुदची एकतीस वर्षं पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये गेली होती. जुन्या संगणकांवर लिनक्स या फुकट प्रणालीचा डेस्कटॉप चढवताना ती ‘शिफारशीचेही घ्या’वरची खूण आधी काढायची. नाहीतर साध्या खिडक्या-मेनूंच्या मागोमाग गाणी, खेळ, टपाल असलं लटांबर आत घुसायचं. तिचे संगणक कसे भराभर चालत, आणि त्याचा तिला केवढा तोरा! ती काय नवऱ्याच्या डोक्याचा बाजार होऊ देते? पहिल्या पानावरच्या पाच जाहिराती बघूनच तिचं टाळकं सटकलं. पुढचं पान न उलटता तिनं सही ठोकली.

तिसऱ्या दिवशी दिगंबर उठून बसला. “कुमुद,” तो स्वच्छ म्हणाला. तिला रडूच कोसळलं. ते थांबेपर्यंत तो बघत राहिला.

त्याला सगळं आठवत होतं. त्यांची एकुलती लेक रेवा सातव्या वर्षी वारली, ती तारीख त्यानं वारासकट सांगितली. मग त्याच सुरात चहात साखर कमी आहे म्हणाला. कुमुदनं तडक डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांनी यादी काढली. तीनशे सातवा संच ‘जिव्हाळा’. शिफारशीचा.

“मेली माझी घाई! घाला की तो, आत्ताच्या आत्ता!”

“आता ते शुद्धीवर आहेत, काकू. कायद्यानं त्यांनीच हो म्हणायला हवं.”

दिगंबरनं सगळं लक्ष देऊन ऐकलं. “तो नसल्यानं माझं काही अडतंय का, डॉक्टर?”

“तसं... नाही.”

“आणि घातला तर?”

“रेवा आठवली की दुखेल.”

कुमुदनं त्याचा हात घट्ट धरला. “अहो, हो म्हणा हो. माझ्यासाठी म्हणा!”

त्यानं तिच्याकडे बराच वेळ, अगदी मनापासून समजून घ्यायचा प्रयत्न करत पाहिलं.

“तुझ्यासाठी का, तेच मला कळत नाहीये, कुमुद,” तो म्हणाला. “नको, डॉक्टर.”