दुसरी फेरी

ही गोष्ट खरी आहे. पटली तर वाचा, नाही पटली तर सोडून द्या. पण खाली येऊन ‘ड्रोनमध्ये बिघाड असेल’ एवढं मात्र लिहू नका. ते सगळं आम्ही तपासून बसलोय.

ज्याच्यासोबत घडलं तो महारुद्र, माझा साडू. परभणीत लग्नाच्या शूटिंगची कामं करतो. गावाचं नाव सांगत नाही. गंगाखेड तालुक्यातलं आहे, एवढं पुरे. दिवस मात्र सांगतो. ३० डिसेंबर २०२४, सोमवार. येळवस.

ज्यांच्याकडे येळवस नसते त्यांच्यासाठी थोडं सांगतो. त्या अमावस्येला अख्खं घर शेतात जेवायला जातं. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, उभी करायची, आत पूजा मांडायची, आणि भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे दणकून खायचे. दिवस मावळायच्या आत घरातल्या एकाने कडब्याची पेटती पेंडी घेऊन बांधाबांधाने एक फेरी पळायची. उजव्या अंगाने, प्रदक्षिणेसारखी. फेरी पुरी झाली की पेंडी बांधाबाहेर फेकायची. वर्षाची इडापिडा तिच्यासोबत बाहेर जाते, असं महारुद्रच्या घरात मानतात.

त्या घरात ही फेरी महारुद्रचा थोरला भाऊ पळायचा. चंद्रभान. पंचेचाळिशीचा गडी, अंगाने काटक, स्वभावाने लोणी. शेत म्हणजे त्याचा जीव, आणि धाकटा भाऊ म्हणजे दुसरा जीव. महारुद्रने नवीन ड्रोन त्याच्या तळहातावर ठेवलं तेव्हा तो हसला होता.

“पाखरावानी हलकं हाय की रं. वारं आलं म्हंजे?”

हलकंच होतं. अडीचशे ग्रॅमच्या आतलं. लग्नांसाठी महारुद्रकडे मोठं होतं, हे त्याने निव्वळ हौसेसाठी घेतलेलं. गोदावरीचं पात्र, धुक्यातली ज्वारी, पाथरीकडचे उसाचे मळे... असले व्हिडिओ काढत हिंडायचा. त्यात एक सोय होती. स्क्रीनवर माणसावर बोट ठेवलं की त्याच्याभोवती हिरवी चौकट यायची. मग तो माणूस जाईल तिकडे ड्रोन आपोआप मागे. आवाज मात्र त्यात रेकॉर्ड होत नाही. हे लक्षात ठेवा.

त्या संध्याकाळी चंद्रभान पळाला. फेरी झाली, पेंडी बांधाबाहेर पडली. सगळ्यांनी हात जोडले.

आणि महारुद्रने कपाळावर हात मारला.

रेकॉर्डिंगचं बटणच दाबलं नव्हतं! शेकडो लग्नं काढलेला माणूस... स्वतःच्या घरची येळवस हवेत विरली.

“दादा, अजून एकदा पळतोस का?”

त्यांचे वडील व्यंकटराव कोपीपुढे चुलीवर दूध उतू घालत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “एकदा भाईर टाकलं ते टाकलं. दुसरी फेरी नसती.”

“जाऊ द्या आबा,” चंद्रभान म्हणाला. “लेकरू परभणीहून आलंय एवढं.”

लेकरू छत्तीस वर्षांचं होतं. सगळे हसले. आबा हसले नाहीत.

महारुद्रने आणखी एक गोष्ट केली. ती आठवली की तो आजही स्वतःच्या तोंडात मारून घेतो. नाल्याकडचा बांध लांब होता आणि उजव्या अंगाने पळालं की तिथे मावळतीचं ऊन थेट कॅमेऱ्यात येत होतं. चित्र पांढरं पडत होतं.

म्हणून तो म्हणाला, “दादा, या टायमाला डाव्या अंगानं पळ.”

“उलटं?” चंद्रभानची बायको रुख्मिणी पटकन बोलली.

“वहिनी, नुसतं शूटिंगसाठी. आन् दादा, मी बास म्हनेपर्यंत थांबू नको.”

“न्हाई थांबत,” चंद्रभान म्हणाला आणि त्याने नवी पेंडी पेटवली.

ड्रोन वर गेलं. महारुद्रने बटण दाबलं, दोनदा खात्री केली. चौकट भावावर बसवली. चंद्रभान पळू लागला.

स्क्रीनवर दृश्य असं सुंदर होतं की महारुद्र सगळं विसरला. खाली हरभऱ्याचं हिरवं रान, बांधावर पळणारा ठिपका, हातात जाळ, आणि त्याची लांबच लांब सावली पिकावरून सरकतेय.

नाल्याकडून हाक आली, “आलं का रं?”

“आलं, आलं! पळ!”

तेवढ्यात...

चौकट सरकली.

चंद्रभानवरून निघाली आणि त्याच्या मागे, पंधरा-वीस पावलांवर, मोकळ्या बांधावर जाऊन बसली. तिथे कुणी नव्हतं. महारुद्रने बोटाने ती परत भावावर आणली. ती क्षणभर थांबली... आणि पुन्हा मागे गेली.

मोकळ्या बांधावर ती पुढे पुढे येत होती. पळणाऱ्या माणसाच्या वेगाने.

मग त्याला हरभऱ्यावर दुसरी सावली दिसली.

बांधावर माणूस एक. पिकावर सावल्या दोन.

त्याला वाटलं, आबा असतील. त्याने मान वर केली. आबा चुलीपाशी होते. वहिनी, पोरं, सगळी कोपीपाशी. त्याने डोळ्यांनी नाल्याकडे पाहिलं. दादा एकटाच पळत होता. पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. पंधरा पावलांची दहा झाली होती.

“आलं का रं, महारुद्रा?”

या वेळी आवाजात धाप होती.

‘बास’ म्हणायचं होतं. एकच शब्द. तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. तो मला सांगतो, “भाऊजी, मला वरून सगळं दिसायलं हुतं. आन् हात कुठंच पुरत नव्हता.”

पाच पावलं... तीन...

चंद्रभान तुरीच्या दाट ओळीआड गेला. चौकट त्याच्या मागोमाग गेली. पिकावरच्या दोन सावल्यांची एक झाली.

चौकट नाहीशी झाली.

ड्रोन तिथेच हवेत थांबून राहिलं. बॅटरी संपत आली तशी ते आपोआप माघारी फिरलं आणि महारुद्रच्या पायाशी येऊन उतरलं. पंख थांबले. इतकी शांतता झाली की चुलीवरचं दूध उतू गेल्याचा आवाज ऐकू आला.

“दादा...?”

“काय?”

आवाज पाठीमागून आला. चंद्रभान कोपीच्या मागून येत होता. तुरी पुढे, नाल्याकडे. हा आला रस्त्याच्या बाजूने. हातात पेंडी नव्हती, आणि एवढं पळून आलेल्या माणसाला साधी धापही नव्हती.

“पेंडी कुठं फेकली रं?” आबांनी विचारलं.

तो खाली बसून जेवायला लागला. डाव्या हाताने.

त्या दिवसापासून घर बिघडलं. मोठं काही नाही, बारीक बारीक. चंद्रभान मारुतीला उलटी प्रदक्षिणा घालू लागला. धोतराचा काष्टा उलटा. वखराची पाळी घालताना औताच्या फेऱ्या उलट्या. रुख्मिणीवहिनी माझ्या बायकोपाशी रडल्या, “मानूस घरात हाय ताई, पन माझा न्हाई.” त्या लेकरांना घेऊन मधल्या खोलीत झोपू लागल्या. नांदेडच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. काही निघालं नाही. महारुद्र मात्र रोज तो व्हिडिओ बघायचा. मी म्हटलं, काढून टाक तो. म्हणाला, “कसं टाकू? त्यात दादा हाय.”

वर्ष गेलं. पुन्हा येळवस आली, गेल्या डिसेंबरात.

आबांनी ठरवलं होतं. उलटं झालंय ते सुलटं करायचं. फेरी महारुद्रने पळायची, उजव्या अंगाने, एकच. जे आत आलंय ते पेंडीसोबत बाहेर टाकायचं. ड्रोनला त्या दिवशी कुणी हात लावला नाही.

महारुद्र पळाला. शहरात राहून सुटलेलं पोट, पायात काटे... तरी जिवाच्या आकांताने पळाला. फेरी पुरी केली आणि असेल नसेल तेवढी ताकद लावून पेंडी बांधाबाहेर फेकली.

कोपीपुढे जेवत बसलेला चंद्रभान उठला.

हातात उंडा तसाच होता. कुणाशी न बोलता तो सरळ चालत गेला. बांध ओलांडला. जळणाऱ्या पेंडीपाशी जाऊन उभा राहिला.

“दादा, आत ये,” महारुद्र म्हणाला.

चंद्रभानने पाय उचलला. बांधावर टेकवेना. पुन्हा उचलला. टेकवेना.

महारुद्रने हात धरून ओढलं. आबांनी, शेजारच्या शेतातल्या दोघांनी मिळून त्याला उचललं. बांधावर आणताच तो असा ओरडला, की त्यांनी हात सोडून दिले. रुख्मिणीवहिनी मातीत बसून राहिल्या.

तेव्हापासून आजतागायत चंद्रभान स्वतःच्या शेतात गेलेला नाही. घरी असतो. दिलं की जेवतो, डाव्या हाताने. शेत बटईने, अर्ध्या वाट्यावर, दिलं होतं. बटईदार पंधरा दिवसांत सोडून गेला. कारण विचारलं तर म्हणाला, “दिवस मावळताना तिथं कुनीतरी पळतंय.”

मला खोटं वाटलं. मी असल्या गोष्टींवर हसणारा माणूस. महारुद्रला म्हटलं, चल, बघू तरी. निघताना चंद्रभान आपणहून मोटारसायकलवर येऊन बसला. महारुद्र चालवायला, मध्ये मी, माझ्या मागे चंद्रभान. त्याचा एक हात सगळा रस्ता माझ्या खांद्यावर होता.

आम्ही शेताच्या कडेला रस्त्यावर थांबलो. बांध ओलांडला नाही. सूर्य टेकला होता. हरभऱ्यावर वारा नव्हता.

आधी काहीच नाही.

मग नाल्याकडून... पावलं. धप्, धप्, धप्. कोरड्या मातीवर अनवाणी माणूस पळावा तशी. ती तुरीच्या आडून निघाली आणि आमच्या बाजूच्या बांधाने जवळ येऊ लागली. बांधावर कुणी नव्हतं. हरभऱ्यावरून एक सावली मात्र येत होती, हातात काहीतरी उंच धरलेली.

आणि आवाज आला. दमलेला, छाती फुटायला आलेल्या माणसाचा. तरीही समजूतदार. धाकट्याचं काम बिघडू नये म्हणून जपणारा.

“महारुद्रा... आलं का रं?... थांबू का आता?”

महारुद्रने तोंडाभोवती हात धरले आणि घसा फाटेस्तोवर ओरडला, “बास! बास दादा! आलं! थांब!”

पावलं आमच्या समोरून गेली. थांबली नाहीत. त्याला ऐकूच गेलं नसावं. त्या व्हिडिओत आवाज नाहीच ना. सावली वळली आणि पुन्हा नाल्याकडे गेली. डाव्या अंगाने.

महारुद्र बांधावर डोकं टेकून रडत होता. त्याला आज पंधरा दिवस झाले, तो रोज संध्याकाळी तिथे जातो आणि ‘बास’ म्हणून ओरडतो. मला त्याला अडवता येत नाही आणि सोबत जायची हिंमतही होत नाही.

कारण त्या संध्याकाळी माझ्या खांद्यावर हात पडला होता. चंद्रभान शेजारी येऊन उभा होता. त्याने शेताकडे पाहिलंसुद्धा नाही.

“चला भाऊजी,” तो शांतपणे म्हणाला. “ते न्हाई थांबत.”

परतीच्या वाटेवरही तो माझ्याच मागे बसला होता.