परक्या मोहाखाली

मोहफुलांची भरली टोपली डोक्यावर घेऊन मनकर्णा अंगणात आली आणि उंबऱ्याशीच तिचे पाय जड झाले... आत देव्हाऱ्यासमोर तिची रंजीता तळहात पसरून उभी होती, आणि त्या तळव्यावर दही-साखर घालणारा हात मनकर्णाचा नव्हता! तो साधनेचा होता. तिच्या धाकट्या जावेचा.

आणि दही? दही तर मनकर्णाने लावलं होतं. काल सांजेला दूध कोमट करून, विरजणासोबत आपला सारा जीव त्यात कालवून. आज दहावीचा गणिताचा पेपर. लेकीच्या हातावर दही आपल्या हातानं पडावं, एवढी एकच तर आस होती. पण मार्चातला मोह कुणासाठी थांबतो? पहाटे गळलेली फुलं उन्हं चढायच्या आत वेचली नाहीत तर गुरं खाऊन टाकतात. ती धावतपळत परतली होती... आणि तरी उशीर झालाच होता.

"काकू, पाया पडतो जी," रंजीता साधनेच्या पायाशी वाकली.

"सुखी राहा. येते तेवढं लिहिजो. नाई आलं त घाबरायचं नाई, पुढचं गणित घ्यायचं."

"मोठीमाय आली!" साधनेची दिव्यानी बाहेर धावली. "मी तुह्यासाठीच थांबली. मले तुह्या हातचं दही दे न!"

"हात चिकट हायेत मोहाचे," मनकर्णाने टोपली आपटली. "तुह्या मायचे हात सोन्याचे हायेत. तिलेच माग."

दिव्यानीचा पुढे आलेला तळहात तसाच हवेत राहिला. साधनेने आपली वाटी तिच्यापुढे केली; पोरीने मानेनेच नाही म्हटलं. भिंतीशी दातण करत बसलेला मुखरू, मनकर्णाचा नवरा, एवढंच पुटपुटला, "सकाळी सकाळी काऊन इंगळ ओकून राह्यली वं?"

इंगळच होता तो! मोहाखालचा पाला जाळला की वरून राख थंड दिसते, पण पाय पडला की कळतं, खाली निखारा जागाच आहे... तसा मत्सराचा इंगळ मनकर्णाच्या काळजाच्या तळाशी वर्षानुवर्षं धुमसत होता.

साधनेला या घरात पसंत करून आणलं ते मनकर्णानेच. दोघींना लेकी झाल्या त्याही एकाच पावसाळ्यात. साधनेचा डी.एड.ला नंबर लागला तेव्हा दिव्यानी अंगावर पीत होती आणि तिचा बाप, अजय, नोकरीपायी दूर अहेरीला. साधना रडायला लागली तर मनकर्णानेच तिचे डोळे पुसले होते, "जा बिनघोर. मी हाओ न!" आणि एका कुशीला रंजीता, दुसऱ्या कुशीला दिव्यानी घेऊन तिने दोघींना आपल्या दुधावर वाढवलं. साधना मास्तरीण होऊन परतली... आणि मग हळूहळू, कुणाच्या ध्यानात न येता, रंजीता काकूकडे सरकत गेली. दिवेलागणीला दोघी पोरी साधनेभोवती पुस्तकं मांडून बसायच्या. बीजगणित म्हणे, भूमिती म्हणे... मध्येच हशा पिकायचा! चुलीपाशी बसलेल्या मनकर्णाला अक्षर येत नव्हतं. आपली लेक कशाला हसली, हेही तिला कळत नसे. भाकर उलटता उलटता ती स्वतःलाच विचारी, साधनेजवळ द्यायला सारं आहे... माझ्याजवळ काय आहे?

एकदा हे ती आपल्या भावाजवळ, श्रावणजवळ बोलली, तर तो हसला.

"एवढंच न बाई? साऱ्याईचे मायबाप कॉपी पुरवतेत. गाईडाची बारीक झेरॉक्स आणून देतो, तू खिडकीतून टाक. तुह्या नेमाले त वावरातले माकडं भेतेत!"

आणि तो कागद हाती आला तेव्हा मनकर्णाला पापाचं भय वाटलं नाही. वाटला तो आनंद! लेकीला देण्याजोगं काही एकदाचं तिच्या पदरात पडलं होतं. खड्याभोवती कागद गुंडाळून तिने तो पळसाच्या वाखाने, त्या चिवट दोरीने बांधला. मोहाच्या गाठोड्याला मारायची तीच दुहेरी गाठ, जी तिच्याशिवाय घरात कुणाला सुटत नसे. मागच्या पेपरला तिने सहज विचारल्यासारखं विचारूनही ठेवलं होतं, "हवा लागते का वं तुले तिथी?" आणि रंजीता भोळेपणाने बोलून गेली होती, "लागते न! चिंचेच्या बाजूनं दुसरी खिडकी."

पेपर सुरू झाला तेव्हा तालुक्याच्या गावच्या परीक्षेच्या शाळेमागे तर जत्राच भरली होती. कुणाचा काका, कुणाचा मामा, कुणाचा बाप... पोलिसाची शिट्टी वाजली की धानावरच्या पाखरांसारखे सारे उडायचे, आणि पुन्हा येऊन बसायचे. मनकर्णा चिंचेखाली उभी राहिली. हात कापला नाही. खडा सुटला आणि दुसऱ्या खिडकीच्या गजांतून अलगद आत गेला.

तिने टाचा उंचावून पाहिलं. बाकं बदलली होती! खिडकीशी रंजीता नव्हती. दिव्यानी होती.

त्याच वेळी दारातून भरारी पथक आत शिरलं.

"ऊठ गं! काय पडलंय ते तुझ्या बाकावर?"

आणि... देव तिला क्षमा करो! त्या एका क्षणी मनकर्णाच्या छातीतला इंगळ लालबुंद फुलला. होऊ दे! मास्तरीणबाईची पोर पकडली जाऊ दे! सांजेचा तो हशा एकदाचा विझू दे!

"मॅडम, मी नाई हात लावला... खरंच नाई लावला..." दिव्यानीने रिकामा तळहात पुढे केला. सकाळी दह्यासाठी पुढे आला होता तोच तळहात! कोरा. ज्या लेकराने आपलं दूध पिऊन बाळसं धरलं, त्याच्या हातावर आपण काय ठेवलं?

तेवढ्यात मागच्या बाकावरून रंजीता उठली. तिची नजर कागदावरच्या वाखावर, त्या दुहेरी गाठीवर खिळली होती.

"मॅडम, दिव्यानीले काही माहीत नाई. ते चिठ्ठी माझ्यासाठी होती."

"कुणी टाकली?"

रंजीताने खिडकीकडे पाहिलं. गजांपलीकडे, चिंचेखाली, मायलेकींची नजरानजर झाली... आणि रंजीताने मान खाली घातली. "मले नाई माहीत."

कधी खोटं न बोललेली पोर! मनकर्णाच्या डोळ्यांसमोर इवलीशी रंजीता आली. फ्रॉकच्या ओच्यात शेजारच्या कोलूदादाच्या झाडाखालची फुलं भरून नाचत येणारी. रानात मोहाला कुंपण नसतं, पण ज्याचं झाड त्याचंच फूल. रानाची ही रीत कुणी मोडत नाही. तेव्हा मनकर्णाने तिच्या पाठीत धपाटा घातला होता, एकेक फूल परत ठेवून यायला लावलं होतं, आणि मग रडणाऱ्या पोरीला कडेवर घेऊन ओवी म्हटली होती...

*मोहाचा पडला सडा, येचते गं पहाटी बाई,*
*परक्या झाडाखाली माझी टोपली जात नाई!*

आणि आज? आज ती स्वतःच लेकीला परक्या मोहाखाली घेऊन आली होती!

ती फाटकाकडे धावली. पोलिसाचा हात झिडकारून, पदर सावरायचंही भान न राहून, ती वर्गाच्या दारात कोसळली.

"पोरीईले सोडा जी! मी टाकली, माझ्या या हातानं टाकली! माझ्या रंजीतानं मांगतली नाई, तिले माहीतबी नव्हतं. अन् ते दुसरी... तेबी माझीच लेक होय मॅडम! दोघीचंबी पाप माझ्या डोक्यावर टाका!"

पथकातल्या बाईंनी कागद हातात फिरवला. वाख ओढून पाहिला. गाठ जराही ढिली झाली नव्हती. "उघडलेली नाही," त्या हळूच म्हणाल्या. "बसा मुलींनो, लिहा. आणि या बाईंना घेऊन जा."

साऱ्या गावादेखत मनकर्णा पोलिसांच्या गाडीत चढली. चिंचेखालची कॉपी पुरवणाऱ्यांची गर्दी मात्र केव्हाच पांगली होती.

ठाण्याच्या बाकावर ती दुपारभर बसून होती. उन्हं कलली तशी साधना आली. मनकर्णाने मान वर केली नाही.

"मार मले साधने. तुह्या पोरीचं वरीस बुडवत होती मी."

साधना तिच्या शेजारी बसली. राग होता तिला; हातातल्या बांगड्या ती वरखाली ओढत होती.

"काऊन केलं बाई असं?"

"तुह्या हातचं दही पाहून जळली मी... माही लेक माह्याजवळ राह्यली नाई वं!"

"अन् माही?" साधना एकदम उसळली. "ताप आला का 'मोठीमाय, मोठीमाय' करते. मले हातबी लावू देत नाई! सकाळी पाहिलं न तुम्ही? माह्या हातचं दही नाई खाल्लं तिनं, तुमच्यासाठी थांबली... उपाशीच गेली जी पेपराले. मी मास्तरीण झाली बाई, पण तिचं पहिलं पाऊल तुम्ही पाहिलं. मी काही कमी जळली असंन?"

मनकर्णा तिच्याकडे पाहतच राहिली... आणि मग दोघी जावा एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या, की दारावरच्या शिपायानेही तोंड फिरवलं.

मुखरूने जामीन राहून तिला घरी आणलं. पुढे केस चालणारच होती. पण त्याहून मोठी शिक्षा घरातच होती; रंजीता तिच्याशी एक शब्द बोलत नव्हती. ताट वाढलं तर जेवायची, हाक मारली तर उठून जायची.

पुढच्या पेपरच्या पहाटे मनकर्णा मुद्दामच लवकर रानात गेली. लेकीसमोर उभं राहायला तोंड कुठे होतं? टपटप फुलं गळत होती, ती मुकाट वेचत होती. आज ओवीही ओठांवर येईना. इतक्यात वाळल्या पानांवर पावलं वाजली. शाळेच्या कपड्यांत दोघी पोरी उभ्या होत्या. रंजीताच्या हातात वाटी होती.

"काकूनं लावलं दही," ती रुसल्या आवाजात म्हणाली. "पण देणार तूच म्हणे."

"हात चिकट हायेत गं माय मोहाचे..."

"असू दे न!" दिव्यानीने आधी तळहात पुढे केला. "फक्त नीट दे मोठीमाय. तुह्या नेमाचा काही भरवसा नाई राह्यला आता!"

रंजीताच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी. तिने तळहात पसरला. मोहाच्या गोड, उग्र वासाचं दही तिने डोळे मिटून चाटलं, आणि आईच्या पायाशी वाकली.

"माय, मार्क कमी पडले त चालन न तुले? आपल्या झाडाखाली पडते तेवढंच येचीन मी."

मनकर्णाने होकारार्थी मान हलवली, आणि लेकीचं डोकं पोटाशी धरलं.

"अन् बाहेर बस आज. फाटकापासून दूर... पण बस. तू हायेस एवढं मले ठाऊक पाहिजे."

पोरी पायवाटेने दिसेनाशा झाल्या. टोपली उचलायला मनकर्णा वाकली तर वाऱ्याने कोलूदादाच्या झाडाचं एक फूल घरंगळत तिच्या टोपलीच्या काठाशी आलेलं... तिने ते दोन बोटांत अलगद उचललं, चार पावलं चालून परक्या मोहाखाली ठेवलं, आणि पदराने हात पुसत ती शाळेच्या वाटेला लागली.