कोरड्या विहिरीतला फेटा

बारा वर्षांपूर्वीच्या दुष्काळात सहकारी साखर कारखान्याची क्लोरीनची टाकी फुटली होती. त्या वायूने छाती गेलेल्यांची यादी उद्या केजला बंद होणार होती. यादीत नाव लागलं, तर जन्मभर औषध आणि ऑक्सिजन फुकट. कारखान्याचा कामगार आश्रुबा याचं नाव नव्हतं, म्हणून त्याची बायको वच्छलाबाई गुप्तहेर नसीमबाईंकडे आली. कागद तिने त्याच्या जुन्या लाल फेट्यात बांधले होते.

"उन्हानं रंग उडालाय," राधाकिशन म्हणाला. नसीमबाईंचा हा मदतनीस डोक्याआधी तोंड चालवी.

नसीमबाईंनी फेटा उलगडला. वरच्या घड्या पांढुरक्या, आतल्या लालभडक.

"गॅस सुटला त्या दिसापासून पेटीतच हुता," वच्छलाबाई म्हणाली.

तिच्या घरी आश्रुबा बाजेवर धापा टाकत होता.

"मी कारखान्यात न्हवतोच, बाई. शेजारी सेक्रेटरीसायबांच्या इहिरीत गाळ काढत हुतो. गॅस सुटला तवा सायब काठावरून वरडले, खालीच थांब! म्हणून वाचलो. दर दसऱ्याला पहिलं सोनं त्यांनाच देतो. छाती धुळीनं गेली. खोटं नाव कावून लावू?"

राधाकिशनला वाटलं, झालं, खटलाच बुडाला.

कारखान्याचे सेक्रेटरी बद्रीनाथ आता निवृत्त होते. "आश्रुबा त्या दिवशी रजेवर होता. माझ्या विहिरीत तेव्हा पाच पुरुष पाणी, गाळ कुठला काढणार? छाती बिड्यांनी गेली असेल."

"कारखान्याला एवढं क्लोरीन कशाला लागायचं?" नसीमबाईंनी विचारलं.

"टँकरचं पाणी घाण यायचं, ते शुद्ध करायला. तालुक्यात थेंब नव्हता, बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी नसीमबाईंनी सगळ्यांना त्याच विहिरीवर बोलावलं.

"तालुक्यात थेंब नव्हता आणि इथे पाच पुरुष पाणी? विहीर कोरडी होती, साहेब. कारखान्याचा माणूस घरच्या कामाला लावलात, म्हणून हजेरीत रजा मांडलीत. आणि हा फेटा. उन्हात वापरून विटला असता, तर रोज घड्या बदलून सगळीकडेच विटला असता. हा डोक्यावर असतानाच, एका दिवसात, वरवर उडाला. घामेजलं कापड क्लोरीन असंच खातं."

"पण तो तर खाली होता!" राधाकिशन म्हणाला.

"म्हणूनच. हा वायू हवेपेक्षा जड. खड्ड्यात उतरून साचतो. वर पळाले ते सुटले."

आश्रुबाने विहिरीत वाकून पाहिलं.

"सायब, तवा तुमाला ठावं हुतं?"

"न्हाई रे, आईशप्पत. गॅस खाली साचतो, हे महिन्यानं डॉक्टरनं सांगितलं."

"मंग दर दसऱ्याला सोनं घेताना ठावं हुतं."

राधाकिशनला बद्रीनाथांचा भयंकर संताप आला. नसीमबाईंनी जबाबाचा कागद पुढे केला. बद्रीनाथांनी मान वर न करता सही केली.

आश्रुबाने वच्छलाबाईकडून फेटा मागून घेतला आणि केजच्या जीपमध्ये बसण्याआधी डोक्याला बांधला.